उपदेशाचा पत्ता : १८८२ मधील दोन पुस्तके

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवताना पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' ही दोन पुस्तके मी शक्यतो एकाच आठवड्यात घेतो. दोन्ही १८८२ सालची, दोन्ही स्त्रियांनी लिहिलेली आणि दोन्हींचा विषय एकच : या देशातील स्त्रीची दुरवस्था. काही वर्षांपूर्वी असाच एक तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग ऐकायचे कुणाचे? रमाबाई म्हणतात स्वतःला सुधारा. ताराबाई म्हणतात दोष आमचा नाहीच."

तिच्या हातात वह्यांबरोबर एक भाषांतरित पुस्तक होते. यशस्वी माणसांच्या सवयी सांगणारे, चकचकीत मुखपृष्ठाचे. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा होत्या. पहाटे पाचला उठून तो तास स्वतःसाठी द्यावा, या उपदेशाखाली दोनदा रेघ ओढलेली दिसली. मी सहज विचारले, जमते का? ती म्हणाली, "पाचला तर मी रोजच उठते, सर. तेव्हाच नळाला पाणी येते. पण तो तास माझा कधी होत नाही. माझ्यातच निश्चय कमी असेल."

या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. पुस्तकाने तिला उमेद दिली होती यात शंका नाही; त्याशिवाय कोणी इतक्या आस्थेने रेघा ओढत नाही. पण त्याच पुस्तकाने नळाच्या वेळापत्रकाचा दोष तिच्या निश्चयावर टाकला होता, आणि तिने तो निमूटपणे स्वीकारला होता. स्वयंविकासाच्या उपदेशाचे गुण आणि धोके यांविषयी आज बरेच बोलले जाते. मात्र हा जणू अलीकडचा, अमेरिकेतून आलेला प्रश्न आहे अशी समजूत असते. आपल्या भाषेत त्यावर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी गंभीर वाद होऊन गेला आहे, आणि तो समजून घेण्यासाठी त्या विद्यार्थिनीचा प्रश्नच वाटाड्या म्हणून उपयोगी पडेल.

प्रथम या प्रकारच्या वाङ्मयाच्या नावाकडे पाहू. 'सेल्फ-हेल्प' हा शब्द जगभर रूढ केला तो सॅम्युएल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाने. त्याचे त्या नावाचे पुस्तक लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने १८५९ साली काढले. डार्विनचा उत्पत्तिविषयक ग्रंथही त्याच वर्षी, त्याच प्रकाशकाकडून निघाला. पहिल्या वर्षातच स्माइल्सच्या पुस्तकाच्या सुमारे वीस हजार प्रती खपल्या. १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी त्याचे जपानी रूपांतर प्रसिद्ध केले आणि मेइजी काळातील एक पिढीच त्यावर पोसली गेली.

या पुस्तकाचा जन्म कसा झाला, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. इंग्लंडमधील लीड्स या कारखान्यांच्या शहरात काही तरुण कामगार हिवाळ्याच्या रात्री एकत्र जमत आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवावे, असा उपक्रम चालवीत. वाचन, लेखन, अंकगणित, पुढे भूगोल, रसायन. संख्या वाढली तेव्हा त्यांनी एक कळकट मोठी खोली भाड्याने घेतली. पूर्वी तेथे पटकीच्या रोग्यांचे तात्पुरते रुग्णालय होते. या मंडळींनी १८४५ च्या सुमारास स्माइल्सला चार शब्द सांगण्यासाठी बोलावले, आणि त्या व्याख्यानांतून पुढे पुस्तक झाले. म्हणजे मुळात जे होते ते परस्परसाहाय्य होते. खोली भाड्याने घेणे, दिवा पेटवणे, शेजाऱ्याला बेरीज शिकवणे ही सर्व सामूहिक कामे होती. पुस्तकात मात्र उरली ती एकेकट्या पुरुषांची चरित्रे : हा न्हावी होता आणि कारखानदार झाला, तो खाणीत होता आणि अभियंता झाला. 'परस्पर' गेले आणि 'स्व' राहिला. खुद्द स्माइल्सलाही ही अडचण जाणवली असावी. १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने पुस्तकाच्या नावाबद्दल खंत व्यक्त केली आहे. या नावामुळे काही वाचकांना ते स्वार्थाचे स्तोत्र वाटले होते.

आता पुण्याकडे वळू. १८८२ च्या उन्हाळ्यात रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस होते. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या वणवणीत आईवडील आणि बहीण गेलेली, नंतर भाऊ गेलेला. कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळालेल्या. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य. कडेवर वर्षाची मनोरमा. पुण्यात येताच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध केले. त्याच्या विक्रीतून आलेला पैसा पुढच्या वर्षी त्यांना इंग्लंडच्या प्रवासासाठी उपयोगी पडला. मराठीत एका स्त्रीने ग्रंथलेखनाच्या मिळकतीवर समुद्र ओलांडल्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

स्माइल्सशी या पुस्तकाचा थेट संबंध जोडण्याचा मोह टाळायला हवा. रमाबाईंचे इंग्रजी शिक्षण त्या वेळी नुकते सुरू होत होते. त्यांची सारी घडण संस्कृत ग्रंथांवर झालेली होती. तरीही 'स्त्रीधर्मनीति'ची चौकट आजच्या वाचकाला ओळखीची वाटते. स्त्रियांची स्थिती शोचनीय आहे. तिचे मूळ अज्ञानात आणि परावलंबनात आहे. म्हणून स्त्रियांनी स्वतःच्या उन्नतीचा भार स्वतः उचलावा, विद्या मिळवावी, विनय अंगी बाणवावा, आळस सोडावा, गृहव्यवस्था नेटकी ठेवावी, पतीशी समंजसपणे वागावे, मुलांचे संगोपन डोळसपणे करावे, असा हा क्रम आहे. भाषा संस्कृतप्रचुर असून सूर वडीलकीचा आहे. चोवीस वर्षांची लेखिका आपल्याहून वयाने मोठ्या स्त्रियांना खडसावते, आणि कधी कधी ते खडसावणे कठोर होते. पुढच्या काळातील अभ्यासकांना हे पुस्तक रमाबाईंच्या मानाने फारच सनातनी वाटले, ते यामुळेच. ज्या बाईने स्वतः जात, रूढी आणि कुळाची बंधने तोडली, तिने इतर बायकांना मात्र घर नीट ठेवण्याचा उपदेश करावा, याचे कोडे पडते.

परंतु हे पुस्तक नुसते सनातनी म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल. तत्कालीन सुधारणावादी लेखनातील एक लकब पाहा. विधवाविवाह असो, बालविवाह असो, संमतिवय असो, वाक्याचा कर्ता बहुधा पुरुष असतो. स्त्रीला शिकवावे, स्त्रीला सोडवावे, स्त्रीचे दुःख दूर करावे. स्त्री तेथे कर्म म्हणून येते. 'स्त्रीधर्मनीति'त प्रथमच इतक्या ठामपणे स्त्री क्रियापदाची कर्ती होते. तिने उठावे, तिने वाचावे, तिने ठरवावे. सरकारने कायदा करेपर्यंत किंवा शास्त्रीमंडळींचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे तिला कारण नाही. आज, या घरात, या घटकेला तिच्या हातात काही आहे. ज्या काळात मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळात घरी मिळणारे पुस्तक हीच अनेकींची शाळा होती. उपदेशपर वाङ्मयाचा हा सर्वांत मोठा गुण आहे : ते वाचणाऱ्याला कर्तेपण देते. माझ्या विद्यार्थिनीने ओढलेल्या रेघांत हेच कर्तेपण होते.

धोकाही नेमका याच ठिकाणी लपलेला आहे. उन्नती तुझ्या हाती आहे असे म्हटले, की अवनतीही तुझ्याच हातून झाली असे वाटायला फार वेळ लागत नाही. स्त्रिया अज्ञानी आहेत हे खरे. पण त्यांना अज्ञानात ठेवले कोणी, हा प्रश्न उपदेशाच्या चौकटीत नीट बसत नाही. कारण उपदेश ज्याच्याशी बोलतो त्याच्याच हातातील गोष्टींविषयी बोलू शकतो. जे त्याच्या हाताबाहेर आहे ते एक तर गाळावे लागते, नाही तर त्याच्याच स्वभावाचा दोष म्हणून मांडावे लागते.

नेमक्या याच फटीतून ताराबाई शिंदे यांचा निबंध उसळून बाहेर येतो. बुलढाण्यासारख्या वऱ्हाडातील गावी राहणाऱ्या, सत्यशोधक समाजाच्या परंपरेतील बापूजी हरी शिंदे यांच्या या कन्येने लिहिलेले हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी पाच वर्षांवर उतरली. पण खटल्यापेक्षा ताराबाईंना डाचला तो त्याभोवतीचा वृत्तपत्री उपदेश. आजकालच्या बायका बिघडल्या, त्यांना वळण हवे, असा सूर सगळीकडून निघत होता. एका बाईच्या हातून गुन्हा घडतो आणि नीतिपाठ साऱ्या स्त्रीजातीला दिला जातो!

ताराबाईंनी काय केले? त्यांनी उपदेशाचा पत्ता बदलला. स्त्रीचे म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात (कपट, चंचलपणा, मूर्खपणा, साहस) ते एकेक उचलून त्यांनी पुरुषांपुढे ठेवले, आणि हे तुमच्यात आमच्यापेक्षा अधिक आहेत की नाही ते सांगा, असा जाब विचारला. त्यांच्या निबंधातील द्वितीय पुरुष हा खरोखरच पुरुष आहे. विधवेने संयम पाळावा असे सांगणाऱ्याने आपली बायको मेल्यावर किती दिवस संयम पाळला? पतिव्रताधर्माची पोथी वाचणाऱ्याने पत्नीव्रताची कोणती पोथी वाचली? शास्त्रांनाही त्या सोडत नाहीत. नियम करणाराने स्वतःच्या सोयीचे नियम केले, हे त्यांचे म्हणणे आहे. भाषा बोलीच्या अंगाने जाणारी, धारदार, कधी शिवराळपणाच्या काठापर्यंत पोचणारी. रमाबाईंच्या संस्कृतप्रचुर गद्यानंतर लगेच हे गद्य वाचताना दोन वेगळ्या खोल्यांतून नव्हे, दोन वेगळ्या ऋतूंतून गेल्यासारखे वाटते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की ताराबाई बरोबर आणि रमाबाई चुकल्या. माझ्या वर्गातही बहुतेकांचा कौल असाच पडतो. परंतु ताराबाईंच्या मार्गालाही मर्यादा होती, आणि ती त्यांनाच भोगावी लागली. दोष कोणाचा हे त्यांनी निर्विवादपणे दाखवले. पण वाचणाऱ्या बाईने उद्या सकाळी काय करावे, याचे उत्तर त्या निबंधात फारसे नाही. शिवाय ज्यांना जाब विचारला ते ऐकायला तयार नव्हते. निबंधावर टीका झाली, त्यांच्या बाजूने फारसे कोणी उभे राहिले नाही, आणि या एका पुस्तकानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आपल्या हाती नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत मराठी वाचक त्याला जवळजवळ विसरले होते. संताप सत्य सांगतो. पण त्याला निवारा मिळाला नाही, तर तो एका पुस्तकात जळून संपतो.

तेव्हा जे थोडे लोक या दोघींच्या बाजूने बोलले, त्यांत महात्मा फुले होते. १८८५ मध्ये काढलेल्या 'सत्सार'च्या दोन अंकांत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली आणि ताराबाईंच्या निबंधाचीही. रमाबाईंचा विनय आणि ताराबाईंचा संताप या दोन्हींत फुल्यांना विरोध दिसला नाही, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

खरे उत्तर मात्र रमाबाईंच्याच पुढील सात वर्षांत दडलेले आहे. त्याच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मागणी केली ती स्त्रियांच्या सद्गुणांची नव्हे. स्त्री-शिक्षक तयार करावेत, स्त्री-निरीक्षक नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, अशा त्या मागण्या होत्या. म्हणजे पुस्तकात स्त्रियांना उद्देशून आणि आयोगापुढे सरकारला उद्देशून, असा दुहेरी संवाद तेव्हाच सुरू झाला होता. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारल्या. निश्चय, अभ्यास, कष्ट या कसोट्यांवर या मुलीला कोणते स्वयंविकासाचे पुस्तक नापास करू शकले असते? सर्व उपदेश पाळूनही माणूस हरतो, हे रमाबाईंनी इतक्या जवळून पाहिले.

१८८७ मधील त्यांच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या इंग्रजी पुस्तकात चौकट पार बदललेली दिसते. येथे स्त्रीचे बालपण, विवाह आणि वैधव्य यांचा क्रमाने विचार आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर बोट ठेवलेले आहे ते धर्मशास्त्रावर, रूढीवर आणि या दोन्हींना पाठीशी घालणाऱ्या कायद्यावर. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल त्याच वर्षी ज्यांच्याविरुद्ध लागला त्या रखमाबाईंचा दाखलाही त्यात आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या लेखिकेने स्त्रीच्या अज्ञानाला दोष दिला, तिनेच आता त्या अज्ञानाचा पत्ता शोधून काढला होता. ताराबाईंचा निबंध त्यांनी वाचला होता की नाही, या प्रश्नाला येथे महत्त्व नाही. अनुभवाने त्यांना त्याच दाराशी आणून सोडले.

मात्र त्या दाराशी थांबल्या नाहीत. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' वाचताना जाणवते, की अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यक्तिगत गुणांइतकेच, किंबहुना अधिक, त्यांना आकर्षण वाटले ते स्त्रियांच्या संघटित संस्थांचे : सभा, मंडळे, वर्गणी, हिशेब, नियम. आणि त्याच वर्षाच्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या; त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. गोदूबाई शिकल्या त्या स्वतःच्या निश्चयाने, हे निर्विवाद. पण तो निश्चय रुजायला एक खोली, दोन वेळचे जेवण, पाटी आणि घरच्या कामातून सुटलेले काही तास लागले. 'स्त्रीधर्मनीति'ने जे करायला सांगितले, ते करण्याची सोय शारदासदनाने केली. लीड्सच्या कामगारांनी भाड्याने घेतलेली ती कळकट खोली स्माइल्सच्या पुस्तकातून निसटली होती. रमाबाई पुस्तकाकडून खोलीकडे उलट चालत आल्या.

उपदेश पाळण्याला किंमत पडते, आणि ती पुस्तकाच्या किमतीत धरलेली नसते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या १९१० मधील 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. पतीच्या सांगण्यावरून ही मुलगी लिहायला-वाचायला, पुढे इंग्रजी शिकते. पंडिता रमाबाईंच्या सभांना जाते. आणि त्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खाते, अबोला सोसते. शिकायला सांगणारा दिवसभर कचेरीत असतो. शिकल्याची शिक्षा स्वयंपाकघरात मिळते. वाद टाळून, गप्प राहून, दोन्ही घरे सांभाळत शिकण्याची जी कला रानडे रमाबाईंनी साधली, ती कोणत्याही उपदेशग्रंथात सापडत नाही. त्या घरात पती तरी पाठीशी होता. जिच्या पाठीशी कोणीच नाही, तिने तोच उपदेश पाळावा असे सांगताना हात थोडा थांबायला हवा.

आपल्याकडे 'स्वावलंबन' हा शब्द पुढे एका निराळ्या अर्थाने समृद्ध झाला, याचीही आठवण ठेवू. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हटले. त्यातील 'आमचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. कमवा आणि शिका हे मुलाला सांगितले, पण कमवायचे कुठे आणि राहायचे कुठे, याचा बंदोबस्त संस्थेने केला. एकाच वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबली आणि जेवली. स्वावलंबन एकट्याने शक्य नसते, हे विधान विरोधाभासी वाटेल. पण लीड्सपासून साताऱ्यापर्यंतचा इतिहास तेच सांगतो.

आजच्या स्वयंविकासाच्या पुस्तकांत ही खोली पुन्हा हरवली आहे. त्यांतील यशकथा निवडक असतात, कारण तेच सारे करून अपयशी ठरलेल्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्यांचे नियम सर्वांना सारखे असतात, कारण वाचणाऱ्याच्या घरी पाणी किती वाजता येते, हे लेखकाला ठाऊक नसते. म्हणून ती फेकून द्यावीत, असे मी म्हणणार नाही. वाचणाऱ्याला कर्तेपण देणारे वाङ्मय साहित्याच्या प्राध्यापकाने नाक मुरडून दूर सारणे सोपे आहे. त्याच्याकडे पगार आणि स्वतःची खोली असते. प्रश्न वाचण्याच्या पद्धतीचा आहे. उपदेश समोर आला, की तो कोणाला उद्देशून आहे, त्याने कोणाला वगळले आहे, आणि तो पाळण्याची किंमत कोण भरणार आहे, असे तीन प्रश्न आपण त्याला विचारू शकतो. हेच प्रश्न आपण एरवी कविता-कादंबरीला विचारतो; मग सवयींच्या पुस्तकाला का विचारू नयेत?

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. पुढच्या तासाला मात्र सांगितले, की ऐकायचे दोघींचेही : काय करायचे ते रमाबाईंना विचारावे, आणि जमले नाही तर दोष कुणाचा ते ताराबाईंना विचारावे. वर्ग हसला. ती हसली नाही. तिने ते वहीत लिहून घेतले. नंतर तिने आणि गावाकडून येणाऱ्या आणखी तिघींनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संध्याकाळी एक तास एकत्र बसायला सुरुवात केली. शेवटची एसटी सहाला सुटत असे, म्हणून पाच ते पावणेसहा. पंचेचाळीस मिनिटांचाच तो तास. पण तो त्यांचा होता.